बंद झालेली कार्डे, चालू ठेवायची टर्बाइन

एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाने वीज कायद्याच्या कलम ११ चा आधार घेऊन देशातील गॅसवर चालणाऱ्या वीज केंद्रांना आदेश दिला की, १ मे ते ३० जून या काळात त्यांनी आपले संच वीजनिर्मितीसाठी उपलब्ध ठेवावेत. त्याच उन्हाळ्यात ३० मे रोजी देशाची विजेची सर्वोच्च मागणी २५० गिगावॅटवर पोहोचली. आदेश अनाठायी नव्हता, हे त्यावरून दिसते. परंतु आदेश निघाला म्हणून टर्बाइन फिरू लागत नाही. त्या वेळी देशात गॅसवर चालणारी क्षमता सुमारे २५ हजार मेगावॅट होती आणि महाग इंधनामुळे तिचा मोठा भाग वर्षातला बराच काळ स्वस्थ बसून होता. असे यंत्र दीर्घ विश्रांतीनंतर जागे करताना अभियंत्यांना जितकी काळजी पात्यांची असते, तितकीच ती नियंत्रण कक्षामागच्या कपाटांची असते. त्या कपाटांत ओळीने बसवलेले सर्किट बोर्ड असतात. वीज केंद्रातील बोलीत त्यांना ‘कार्ड’ म्हणतात. त्यांतली अनेक कार्डे ज्या कारखान्यांत बनली, तिथे त्यांचे उत्पादन केव्हाच थांबले आहे.

हा विषय गोव्याबाहेरचा वाटण्याचा संभव आहे. राज्यात मोठे वीज केंद्र नाही. सांकवाळचा ४८ मेगावॅटचा नाफ्थावरील खासगी प्रकल्प पंधरा वर्षांच्या करारापुरता राज्याला वीज देत होता. तो करार २०१४ मध्ये संपला. आमोणे येथील पिग आयर्न कारखान्यात वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज तयार होते, पण ती मुख्यतः उद्योगाची गरज भागवण्यासाठी. आपल्या घरातील दिवा लागतो तो कोरबा, विंध्याचल, रामगुंडम, तारापूर, काक्रापार, तसेच गुजरातमधील कावास आणि गंधार अशा केंद्रांतील गोव्याच्या वाट्यावर. अणुभट्टी असो, कोळशाचे बाष्पक असो की गॅस असो, या साऱ्यांच्या शेवटी टर्बाइनच असते. विंध्याचलचे पहिले सहा संच, प्रत्येकी २१० मेगावॅटचे, सोव्हिएत साहाय्याने उभे राहिले. कोरब्याचा पहिला संच १९८३ मधला. या यंत्रांचे पोलाद अजून धडधाकट असेल. त्यांना चालवणारी इलेक्ट्रॉनिक व्यवस्था मात्र पोलादाच्या वयाने म्हातारी होत नाही. ती त्याआधीच होते.

टर्बाइनच्या नियंत्रण प्रणालीचे काम नेमके काय, हे आधी पाहिले पाहिजे. आपल्याकडे विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. त्यासाठी मोठे टर्बाइन सामान्यतः मिनिटाला ३ हजार फेरे घेते. भार वाढला की वाफ किंवा इंधन वाढवायचे, भार उतरला की कमी करायचे, धातूचे तापमान फार झपाट्याने चढू द्यायचे नाही, दंडाची थरथर मोजत राहायची, ही रोजची कामे. त्यापलीकडचे काम संरक्षणाचे. जनरेटर अचानक ग्रीडपासून तुटला तर टर्बाइनवरचा भार क्षणात नाहीसा होतो आणि वाफेचा जोर तसाच राहतो. फेरे वाढू लागतात. साधारणपणे नियत वेगाच्या ११० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ३३०० फेऱ्यांजवळ, संरक्षण यंत्रणेने वाफ तोडलीच पाहिजे. माणसाच्या हाताला एवढा वेळ मिळत नाही. दक्षिण आफ्रिकेतील डुव्हा वीज केंद्रात फेब्रुवारी २०११ मध्ये अतिवेगाची चाचणी चालू असतानाच एका ६०० मेगावॅटच्या संचाचा वेग हाताबाहेर गेला आणि संच उद्ध्वस्त झाला. वेग मोजणारा कप्पा, तो वेग वाचणारे कार्ड, झडपेला आज्ञा देणारे कार्ड, या साखळीवर अब्जावधींचे यंत्र आणि आसपास काम करणारी माणसे विसंबून असतात.

या व्यवस्थेतील एक प्रसिद्ध उदाहरण म्हणजे जनरल इलेक्ट्रिकची ‘स्पीडट्रॉनिक मार्क फाइव्ह’ ही प्रणाली. १९९० च्या दशकात जगभर बसवलेल्या असंख्य गॅस आणि वाफेच्या टर्बाइनांवर ती आली, आणि अनेक ठिकाणी अजूनही आहे. तिची रचना मोठी विचारपूर्वक केलेली होती. आर, एस आणि टी अशी तीन स्वतंत्र नियंत्रक एकके एकच काम एकाच वेळी करतात; महत्त्वाची मोजमापे तिघांकडे वेगवेगळ्या संवेदकांतून येतात; आणि तिघांत मतभेद झाला तर दोघांचे मत ग्राह्य धरले जाते. इंधनाची झडप हलवणाऱ्या सर्व्हो झडपेतही तीन वेटोळी असतात, प्रत्येकाचा मालक वेगळा. एक एकक मेले तरी टर्बाइन फिरत राहते, फक्त धोक्याची सूचना झळकते. टर्बाइन चालू असतानाच त्या एककाचा वीजपुरवठा तोडून कार्ड बदलता येते.

या उत्तम रचनेतच एक सापळा आहे. तिसरे एकक बंद पडले तरी वीजनिर्मिती थांबत नाही, म्हणून ते दुरुस्त करण्याची निकडही वाटत नाही. भांडारात कार्ड नसेल, मागणीपत्र फिरत असेल, तर संच दोनच एककांवर आठवडेच्या आठवडे चालवण्याचा मोह होतो. उत्पादनाचे आकडे तर चांगलेच दिसत असतात. पण दोघांत मतभेद झाला तर आता निवाडा करणारा तिसरा नाही. त्यातले आणखी एक बिघडले की संच बंद पडतो, तोही नेमका मागणी शिगेला असताना. म्हणजे तीनपैकी एक कार्ड नसणे हा भांडारपालाच्या नोंदवहीतील तुटवडा राहत नाही, ती संपूर्ण संचाच्या विश्वासार्हतेतील तूट होते. हे व्यवस्थापनाच्या मासिक अहवालात क्वचितच दिसते, कारण अहवालात मेगावॅट मोजले जातात, उरलेली सुरक्षितता नाही.

कार्ड बिघडते कशाने? बहुधा फार क्षुल्लक घटकाने. त्यावरील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरमधील द्रव हळूहळू वाळतो. तापमान सुमारे दहा अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य निम्म्यावर येते, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना ठोकताळा. नियंत्रण कक्षाची वातानुकूलन यंत्रणा वरचेवर बंद पडत असेल तर तिचा हिशेब काही वर्षांनी कार्डांच्या रूपाने चुकता करावा लागतो. किनारपट्टीवर खारी, दमट हवा जोडणीच्या पिनांवर गंज चढवते. रिलेचे संपर्कबिंदू झिजतात. बंद असलेल्या संचाचे दुःख आणखी निराळे: कपाटे चालू असताना गरम राहतात, त्यामुळे आत ओल धरत नाही, वीजपुरवठा काढून घेतलेल्या कपाटात मात्र पावसाळा शिरतो. भांडारातील नवेकोरे कार्डही यातून सुटत नाही. दहा-पंधरा वर्षे फडताळावर पडलेल्या कपॅसिटरची आतील थर टिकवण्याची शक्ती क्षीण होते. एक दिवस ते कार्ड मोठ्या विश्वासाने बसवले जाते आणि पहिल्याच तासात धूर सोडते.

नवीन का बनवत नाहीत, हा प्रश्न साहजिकच पडतो. कार्डाचा आराखडा निर्मात्याकडे असतो, पण त्यावरील चिप दुसऱ्याच कंपनीच्या असतात, आणि त्या कंपन्यांच्या लेखी वीज केंद्रे हे अगदीच किरकोळ गिऱ्हाईक. इंटेलने २००६ मध्ये जाहीर केले की, ८०१८६, ३८६, ४८६ या जुन्या प्रोसेसरांचे उत्पादन पुढील वर्षी थांबेल. २००७ च्या सप्टेंबरनंतर ते संपले. घरातील संगणकातून ते केव्हाच गेले होते. उद्योगातील नियंत्रकांत मात्र ठाण मांडून होते. त्याच सुमारास, १ जुलै २००६ पासून, युरोपीय संघाने इलेक्ट्रॉनिक वस्तूंमधील शिशाच्या वापरावर निर्बंध आणले. पर्यावरणाच्या दृष्टीने तो निर्णय योग्य होता, परंतु अनेक जुन्या घटकांचे उत्पादन नव्या डाखाशी जुळवून घेण्याऐवजी बंदच करण्यात आले. अडचण फक्त टर्बाइनवाल्यांची नाही. अमेरिकेची अंतराळ संस्था नासा २००२ मध्ये अंतराळयानाच्या चाचणी उपकरणांसाठी इंटेलच्या ८०८६ चिप इंटरनेटवरील लिलावांत शोधत होती. जिथे चंद्रावर जाऊन आलेल्या संस्थेवर ही वेळ येते, तिथे आपल्या एखाद्या वीज केंद्राच्या खरेदी अधिकाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही.

मुळात येथे दोन वेगळी घड्याळे चालू आहेत. केंद्रीय वीज नियामक आयोगाच्या दरविषयक नियमांत औष्णिक आणि गॅस केंद्राचे उपयुक्त आयुष्य २५ वर्षे, जलविद्युत केंद्राचे ४० वर्षे धरलेले आहे; प्रत्यक्षात यंत्रे त्याहून जास्त चालवली जातात. इलेक्ट्रॉनिक घटकाची बाजारातली हयात त्याच्या अर्ध्यानेही नसते. केंद्र उभारताना सुरुवातीच्या सुट्या भागांसाठी यंत्रसामग्रीच्या खर्चाच्या ४ टक्क्यांपर्यंतची रक्कम मान्य होते. त्या वेळी घेतलेली कार्डे दहा-बारा वर्षांत खर्ची पडतात, आणि खरी गरज त्यानंतर सुरू होते.

मग लोक बाजारात जातात. हा बाजार अजब आहे. बंद झालेल्या केंद्रांतून काढलेली, दुरुस्त केलेली, पेटीतच राहून गेलेली, तशी दिसावीत म्हणून पुसून-रंगवून ठेवलेली, अशी सर्व प्रकारची कार्डे त्यात एकाच यादीत सापडतात. अमेरिका, युरोप येथील जुने व्यापारी त्यात आहेत. चीनमधील शियामेन, शेनझेनसारख्या शहरांतील विक्रेतेही आहेत. त्यांतले काही अगदी सचोटीने वागतात, चाचणीचा अहवाल आणि हमी देतात. परंतु अमेरिकी सिनेटच्या लष्करविषयक समितीने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चौकशीत, दोनच वर्षांच्या काळात, संशयित बनावट इलेक्ट्रॉनिक भागांची सुमारे १८०० प्रकरणे आढळली. त्यातील एकूण भागांची संख्या १० लाखांवर होती, आणि माग काढता आलेल्या प्रकरणांतील ७० टक्क्यांहून अधिक धागे चीनपर्यंत जात होते. बनावटीची रीतही त्यातून पुढे आली. टाकाऊ बोर्ड तापवून चिप सुटी करायची, धुवायची, वरचा पृष्ठभाग घासून जुना क्रमांक घालवायचा, काळा लेप द्यायचा आणि त्यावर नवा क्रमांक, नवे वर्ष छापायचे. अशी चिप चाचणीच्या टेबलावर चालते. ती किती तापमानापर्यंत आणि किती दिवस चालेल, हे टेबल सांगत नाही.

अस्सल कार्ड मिळाले तरी ते बसेलच असे नाही. मार्क फाइव्हच्या कार्डांवर ‘डीएस २००’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक असतो. मधली अक्षरे कार्डाचे काम सांगतात. शेवटची अक्षरे त्याची सुधारित आवृत्ती. खरेदीच्या कागदावर ही शेवटची अक्षरे बऱ्याचदा गाळली जातात, कारण ती महत्त्वाची असतात हे कागद तयार करणाऱ्याला कोणी सांगितलेले नसते. जुन्या आवृत्तीचे कार्ड नव्याच्या जागी नेहमी चालत नाही. शिवाय कार्डावर ईप्रॉम चिप असतात, ज्यांत प्रणालीचे स्थायी आज्ञावलीचे भाग साठवलेले असतात. जुन्या कार्डावरच्या त्या चिप अलगद काढून नव्यावर बसवाव्या लागतात. छोट्या जंपरांची जागा हुबेहूब उतरवून घ्यावी लागते. एक जंपर चुकला तर संवेदकाची मोजपट्टीच बदलते. आणि ज्या संगणकावरून या प्रणालीशी बोलायचे, तो आर्कनेट नावाच्या १९७० च्या दशकातील जाळ्याने जोडलेला. त्यासाठी आयएसए खाच असलेला जुना संगणक लागतो. तो संगणक कोठे पडून आहे आणि त्याच्या हार्ड डिस्कची प्रत कोणी घेतली आहे, हे बऱ्याचदा निवृत्तीला आलेल्या एखाद्याच अभियंत्याला ठाऊक असते.

एवढ्या नाजूक वस्तूच्या खरेदीसाठी आपल्याकडे नियम मात्र सिमेंट आणि पंपांसाठी केलेलेच आहेत. या लेखाचे मुख्य म्हणणे हे आहे. सरकारच्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत, आणि त्याच धर्तीवर चालणाऱ्या सार्वजनिक उपक्रमांच्या नियमावल्यांत, अशा खरेदीला दोन दारे आहेत. पहिले, ती वस्तू एकाच निर्मात्याकडे मिळते असे प्रमाणपत्र देऊन थेट त्याच्याकडून घेणे. २०१७ च्या नियमांतील १६६ वा नियम जुळणाऱ्या सुट्या भागांसाठी ही सवलत देतो. दुसरे, निविदा काढून पात्र ठरलेल्यांतील सर्वांत कमी दराचा पुरवठादार निवडणे. उत्पादनातून बाद झालेले कार्ड या दोन्ही दारांतून आत येत नाही. निर्माता ते बनवत नाही. तो म्हणतो, सगळी प्रणालीच नवी घ्या. आणि निविदा काढली तर सर्वांत स्वस्त तोच, ज्याने कार्ड कोठून आणले हे विचारू नये. प्रामाणिक विक्रेत्याला चाचणीचा, नव्या कपॅसिटरांचा, हमीचा खर्च दरात धरावा लागतो. तो पहिल्याच फेरीत बाद होतो. सर्वांत कमी दराच्या तत्त्वाने भ्रष्टाचाराला आळा बसतो यात शंका नाही, पण जिथे मालाचा खरेपणा दिसत नाही तिथे तेच तत्त्व बनावटीला आमंत्रण देते.

आयातीचे नियमही पाहावेत. परराष्ट्र व्यापार धोरणानुसार भांडवली यंत्रांचे नूतनीकरण केलेले सुटे भाग आयात करता येतात. अट अशी की, मूळ भागाच्या तुलनेत किमान ८० टक्के आयुष्य शिल्लक असल्याचे सनदी अभियंत्याचे प्रमाणपत्र हवे. बेअरिंगचे किंवा पात्याचे उरलेले आयुष्य मोजता येते. पंचवीस वर्षांपूर्वी बनलेल्या सर्किट बोर्डाचे ८० टक्के आयुष्य शिल्लक आहे हे कोणता अभियंता कोणत्या यंत्राने मोजणार? प्रमाणपत्र मात्र जोडलेले असते. दुसरीकडे, ऊर्जा मंत्रालयाच्या २ जुलै २०२० च्या आदेशाने वीज व्यवस्थेसाठी आयात होणारी उपकरणे आणि भाग यांची घातक आज्ञावलीसाठी चाचणी बंधनकारक केली आणि ठरावीक देशांतून येणाऱ्या मालासाठी पूर्वपरवानगी आणली. त्याच महिन्यात सीमेला लागून असलेल्या देशांतील बोलीदारांवर नोंदणीची अटही आली. सुरक्षेच्या दृष्टीने हे सारे समजण्यासारखे आहे. परिणाम मात्र असा होऊ शकतो की, माल तिथलाच राहतो आणि मधे एक-दोन हात वाढतात; प्रत्येक हातागणिक त्याचा माग अधिक पुसट होतो.

यावर सर्वांत सोपा सांगितला जाणारा उपाय म्हणजे जुनी प्रणाली संपूर्ण काढून नवी बसवणे. काही संचांसाठी तो अटळ आहे. केंद्रीय वीज प्राधिकरणाने २०२३ मध्ये केलेल्या नियमांनुसार कोळशाच्या संचांना ४० टक्के भारापर्यंत खाली उतरता आले पाहिजे आणि वरच्या टप्प्यात मिनिटाला ३ टक्के वेगाने भार चढवता-उतरवता आला पाहिजे. दुपारी सौर वीज आली की दबायचे, सूर्यास्ताला उसळायचे. एका स्थिर भारावर चालण्यासाठी केलेल्या जुन्या नियंत्रकांकडून ही कसरत होणे कठीण. परंतु वर्षातून थोडेच दिवस चालणाऱ्या गॅस संचासाठी, किंवा दहा वर्षांत निवृत्त होणाऱ्या जुन्या संचासाठी, एवढा खर्च शेवटी ग्राहकाच्या दरातच येतो. त्यासाठी संच कित्येक आठवडे बंद ठेवावा लागतो, शेकडो वायरी नव्याने ओढाव्या लागतात, आणि प्रत्येक संरक्षण पुन्हा तपासावे लागते.

नवे बसवण्यात धोका नसतो, अशीही समजूत आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड प्रांतातल्या कॅलाइड सी केंद्रात २५ मे २०२१ रोजी जे घडले ते कार्डाचे प्रकरण नव्हते, तरी बोध येथे लागू आहे. तिथे बॅटरी चार्जर बदलण्याचे काम चालू होते. नवा चार्जर जोडून वीजपुरवठ्याची अदलाबदल करताना संचाचा डीसी पुरवठा कोसळला. नियंत्रण, संरक्षण आणि वंगण तेलाचे पंप सारेच आंधळे झाले. जनरेटर ग्रीडला जोडलेलाच राहिला आणि अर्ध्या तासाहून अधिक काळ टर्बाइनला मोटरसारखे फिरवत राहिला, वंगणाशिवाय. यंत्राचे तुकडे झाले आणि प्रांतातील साडेचार लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली. बदललेली वस्तू प्रत्यक्ष परिस्थितीत कशी वागेल हे आधी तपासले गेले नव्हते, असे नंतरच्या चौकशीत निष्पन्न झाले. चार्जर नवा होता, हे लक्षात घ्यावे.

आमच्या मते या सगळ्यात दुरुस्तीची वाट सर्वांत दुर्लक्षित आहे. बिघडलेल्या कार्डांतील पुष्कळशी मूळ रचनेने ठीक असतात; कपॅसिटर, रिले, ऑप्टोकपलर बदलले, पिना स्वच्छ केल्या, तडे गेलेले डाख पुन्हा घातले की ती चालतात. हे काम करणारे तंत्रज्ञ पुणे, बेंगळुरू, बडोदा येथील छोट्या कार्यशाळांत आहेत. भेलचा बेंगळुरूचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग वीज केंद्रांच्या नियंत्रण प्रणाली कित्येक दशके बनवत आला आहे. कौशल्य देशात आहे. नाही ती चाचणीची सोय: कार्ड ज्या कपाटात बसणार तसेच एक कपाट, खोटे संवेदक आणि खोटी झडप जोडून, प्रयोगशाळेत चालू ठेवलेले. त्यात दुरुस्त कार्ड तापवून, काही दिवस चालवून पाहता येते. एकेका केंद्राने असे कपाट उभारणे परवडणार नाही. परंतु पश्चिम विभागातील केंद्रांनी मिळून एक उभारले तर खर्च फारसा नाही, आणि खरेदीच्या कागदांत ‘या कपाटावर उत्तीर्ण’ अशी अट घालता येईल. मग कमी दराचे तत्त्व राखूनही खोटा माल बाहेर ठेवता येतो. विक्रेत्याची पात्रता त्याच्या उलाढालीवरून ठरवण्याऐवजी कार्डाच्या चाचणीवरून ठरेल.

सामायिक साठ्याची कल्पनाही नवीन नाही. अमेरिकेतील अणुवीज कंपन्या महागडे आणि दुर्मिळ सुटे भाग एकत्र साठ्यात ठेवतात. ज्याला गरज पडेल तो उचलतो. आपल्याकडे जुनी केंद्रे निवृत्त होत आहेत. दिल्लीचे बदरपूर ऑक्टोबर २०१८ मध्ये बंद झाले. अन्यत्रही संच काढले जात आहेत. निवृत्त केंद्राचे साहित्य भंगार म्हणून लिलावात काढण्याची रीत आहे, आणि लिलावात लोखंड टनावर जाते. नियंत्रण कपाटे त्या टनांत जाऊ नयेत. ती आधी बाहेर काढून, क्रमांक आणि आवृत्ती नोंदवून, कोरड्या जागी ठेवली तर तेच कार्ड दुसऱ्या राज्यातील संच वाचवेल, आणि त्याचा उगमही शंभर टक्के माहीत असेल. यासाठी धोरण लागते, पैसा फारसा नाही.

कालबाह्य होणाऱ्या भागांचे व्यवस्थापन कसे करावे यासाठी आयईसी ६२४०२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहेच. त्याचा गाभा अगदी साधा: प्रत्येक घटकाचे उत्पादन केव्हा थांबणार याची आधीच नोंद ठेवा, निर्मात्याने शेवटच्या खरेदीची मुदत जाहीर केली की त्या मुदतीत घ्या. मुदत हुकल्यावर दहापट किंमत मोजून बाजार धुंडाळण्यापेक्षा ते स्वस्त पडते. भांडारातील कार्डे ठरावीक काळाने बाहेर काढून काही तास विजेवर ठेवणे, हीसुद्धा एक साधीच शिस्त आहे. त्यासाठी माणूस नेमलेला असावा लागतो.

हा प्रश्न मोठ्या वीज केंद्रांपुरताही नाही. बेळगाव आणि कोल्हापूर भागातील साखर कारखान्यांत उसाच्या चिपाडावर वाफ आणि वीज तयार होते. तेथील छोट्या टर्बाइनांवर वुडवर्डचे ५०५ हे गव्हर्नर मोठ्या प्रमाणात दिसतात. त्याची जुनी आवृत्ती जाऊन नवी आली, पण जुनी अजून पुष्कळ ठिकाणी चालू आहे. गळीत हंगामात तो पेटीएवढा गव्हर्नर बिघडला तर कारखान्याची चाके थांबतात आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस थांबला की त्यातील साखर दर तासाला कमी होते. धारबांदोड्याची संजीवनी बंद झाल्यापासून गोव्यातील शेतकऱ्यांचा ऊस खानापूरकडे जातो. म्हणजे सांगे किंवा काणकोणच्या शेतकऱ्याचाही या कार्डांशी संबंध आहे, त्याला तो माहीत नसला तरी. सहकारी किंवा खासगी कारखान्यांना मात्र निविदेचा जाच तुलनेने कमी. शेजारच्या कारखान्यातून गव्हर्नर उसना आणणे तिथे शक्य असते, आणि अनेकदा तसेच होते. सार्वजनिक उपक्रमातील अभियंत्याला हे करता येत नाही. उसना दिलेला भाग नोंदवहीत कोणत्या रकान्यात दाखवायचा, हाच तिथे मोठा प्रश्न होऊन बसतो.

गोव्याने यात काय करायचे? आपण गिऱ्हाईक आहोत, पण मुके गिऱ्हाईक असण्याचे कारण नाही. केंद्रीय केंद्रांना स्थिर आकार पूर्ण मिळण्यासाठी कोळशाच्या संचांची उपलब्धता साधारण ८५ टक्के असावी लागते. एखादा संच कार्डाअभावी महिनाभर बंद राहिला तरी वर्षाच्या सरासरीत केंद्र त्या मर्यादेवर राहू शकते आणि गोवा पूर्ण स्थिर आकार भरतो. त्या महिन्यात कमी पडलेली वीज मात्र बाजारातून घ्यावी लागते, जिथे टंचाईच्या तासांत दर युनिटला १० रुपयांच्या कमाल मर्यादेला भिडतो. हा फरक शेवटी संयुक्त वीज नियामक आयोगापुढील दरवाढीच्या अर्जात येतो. केंद्रांच्या दरनिश्चितीच्या सुनावणीत राज्याचे वीज खाते प्रतिवादी असतेच. तिथे हरकती घेताना इंधनाचा खर्च आणि व्याज यांबरोबर आणखी एक तक्ता मागता येईल: प्रत्येक संचाची नियंत्रण प्रणाली कोणत्या पिढीची, तिची किती कार्डे उत्पादनातून बाद झाली आहेत, भांडारात चाचणी केलेली किती आहेत, आणि गेल्या वर्षी तीनपैकी दोनच एककांवर संच किती दिवस चालला. सध्याच्या दरनियमांचा काळ ३१ मार्च २०२९ रोजी संपतो. पुढील नियमांच्या मसुद्यावर सूचना त्याआधीच मागवल्या जातील.